वाहन निदान केबलचे ड्रायव्हर

वाहन निदान केबल ही मोटारीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक (ईसीयू, गॅरेजच्या बोलीत 'ईसीएम') आणि लॅपटॉप यांना जोडणारी केबल होय. तिच्या एका टोकास सोळा पिनांचा ओबीडी जोड असतो व दुसऱ्या टोकास यूएसबी जोड. केबलमधील चिपशी संगणकाने व्यवहार कसा करावा हे सांभाळणाऱ्या छोट्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. मोटारीच्या संदर्भात हा शब्द घोटाळ्यात पाडणारा आहे. या लेखात ड्रायव्हर म्हणजे सर्वत्र संगणकातील आज्ञावली, वाहनचालक नव्हे.

केबल जोडूनही निदान होत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा ड्रायव्हरच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात तो केबलमधील चिपमध्ये, संगणकात किंवा खुद्द वाहनात असू शकतो. नेमका कोठे आहे हे न पाहता एकामागून एक ड्रायव्हर बसवीत गेल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि संगणकात नवे दोष निर्माण होतात.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलवर्षापासून मोटारींना ओबीडी-२ ही निदानव्यवस्था सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल मोटारींना ती २००१ पासून लागू झाली. भारतात तिचा प्रवेश भारत स्टेज-४ या उत्सर्जन मानकांबरोबर झाला. त्याचे तपशील पुढे दिले आहेत. या व्यवस्थेत इंजिनाचे दोष ठरावीक संकेतांकांच्या रूपाने नियंत्रकात साठतात व 'चेक इंजिन' दिवा लागतो. तो संकेतांक वाचता आला, तर अंदाजाने सुटे भाग बदलण्याचा खर्च टळतो. अधिकृत सेवा केंद्रांपासून दूर असलेल्या पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी या केबलचे महत्त्व त्यामुळेच अधिक आहे.

केबलचे प्रकार

सर्वांत साधी ती 'केकेएल' केबल. हिच्यात स्वतःची बुद्धी नसते. वाहनाच्या के-लाइनवरील (पिन ७) विद्युत्पातळी ती यूएसबीला मानवेल अशी करून देते, एवढेच. संभाषणाची सगळी वेळ संगणकाला सांभाळावी लागते. म्हणून हिच्या बाबतीत ड्रायव्हरच्या मांडणीला फार महत्त्व असते.

दुसरा प्रकार 'ईएलएम३२७' चिपेवर आधारित. ही चिप कॅनडातील ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने विकसित केली. ती वाहनाशी स्वतः बोलते आणि संगणकाला साध्या अक्षरांत उत्तर देते. तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कलविरोधी संरक्षण नव्हते, त्यामुळे बाजारात नकलांचा सुळसुळाट झाला. 'आवृत्ती १.५' असा छाप असलेल्या असंख्य केबली आज विकल्या जातात; मूळ कंपनीने मात्र १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती. ही कंपनी २०२२ साली बंद झाली.

तिसरा प्रकार 'जे२५३४' मानकाचा, मुख्यतः उत्पादकांच्या स्वतःच्या आज्ञावलींसाठी. यात कॉम पोर्ट नसतो, वेगळी डीएलएल फाइल लागते. ३२ बिटी डीएलएल ६४ बिटी आज्ञावलीला चालत नाही, हे येथील अपयशाचे एक नेहमीचे कारण आहे.

चिपची ओळख

केबलच्या वेष्टनावरील नाव आणि आतील चिप यांचा संबंध असेलच असे नाही. एकाच छापाच्या दोन केबलींत वेगवेगळ्या चिपा निघतात. म्हणून ड्रायव्हर शोधण्यापूर्वी चिप ओळखणे आवश्यक ठरते आणि त्यासाठी केबल उघडावी लागत नाही. प्रत्येक यूएसबी उपकरण संगणकाला दोन क्रमांक सांगते : उत्पादकाचा (व्हीआयडी) आणि वस्तूचा (पीआयडी). विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून त्या उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स' या पानावर 'हार्डवेअर आयडीज' निवडल्यास ते दिसतात.

०४०३ व ६००१ ही जोडी असल्यास चिप स्कॉटलंडमधील एफटीडीआय कंपनीची एफटी२३२ असते, निदान तसा तिचा दावा असतो. ०६७बी व २३०३ असल्यास तैवानच्या प्रोलिफिकची पीएल२३०३. १ए८६ व ७५२३ असल्यास चीनमधील डब्ल्यूसीएचची सीएच३४०, आणि १०सी४ व ईए६० असल्यास सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२. ड्रायव्हर त्या त्या चिप-उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. तो विनामूल्य असतो. केबलबरोबर मिळणाऱ्या छोट्या तबकडीतील ड्रायव्हर बहुधा जुना असतो. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना तबकडीबरोबर असेल, तर ती तबकडी न वापरणेच श्रेयस्कर. त्याच लॅपटॉपवर घरातील बँकेचे व्यवहारही होत असतात, हे विसरता कामा नये.

बनावट चिपांचा वाद

एफटीडीआयच्या चिपांची नक्कल मोठ्या प्रमाणावर होते. २०१४ च्या उत्तरार्धात या कंपनीने विंडोज अपडेटमार्फत वितरित केलेला नवा ड्रायव्हर बनावट चिप आढळताच तिचा पीआयडी शून्य करून टाकत असे. त्यानंतर ती केबल कोणत्याही विंडोज संगणकावर ओळखली जाईना. आपल्या केबलमध्ये कोणती चिप आहे हे ग्राहकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नक्कल करणारा दूर राहिला आणि शिक्षा मात्र अजाण ग्राहकाला झाली. जगभर टीका झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. २०१६ साली आलेला ड्रायव्हर चिपेला हात लावत नाही. तो माहितीऐवजी 'अस्सल नसलेले उपकरण आढळले' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पाठवितो. निदान आज्ञावलीला हा मजकूर निरर्थक असल्याने 'वाहनाशी संपर्क नाही' एवढेच पडद्यावर उमटते आणि तपास भलतीकडे जातो. शून्य झालेला पीआयडी जुना ड्रायव्हर बसवून एफटीडीआयच्याच 'एफटी-प्रॉग' या साधनाने पूर्ववत करता येतो.

प्रोलिफिकचा मार्ग निराळा. २०१२ साली उत्पादन थांबविलेल्या पीएल२३०३ एचएक्सए या चिपेला नवा ड्रायव्हर नाकारतो आणि 'कोड १०' दाखवितो. विंडोज ११ मध्ये उपकरणाच्या नावाच्या जागीच 'ही चिप २०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा' अशा आशयाचा मजकूर येतो. येथे नकलेबरोबर जुनी पण अस्सल चिपही भरडली जाते. डिव्हाइस मॅनेजरमधून ३.३.२ मालिकेतील जुना ड्रायव्हर हाताने निवडल्यास अशा केबली सहसा चालतात. विंडोज अपडेटनंतर ही निवड पुन्हा करावी लागू शकते.

दोष शोधण्याचा क्रम

केबल प्रथम केवळ लॅपटॉपला जोडावी, वाहनाला नव्हे. यूएसबी चिपला वीज लॅपटॉपकडून मिळते. त्यामुळे 'पोर्ट्स' या शीर्षकाखाली कॉम पोर्ट उमटला व त्यावर पिवळे चिन्ह नसले, तर ड्रायव्हर बसला असे समजावे. यापुढील अडचण बहुधा मांडणीची किंवा वाहनाची असते.

पोर्ट न उमटल्यास त्रुटीचा क्रमांक पाहावा. 'कोड २८' म्हणजे ड्रायव्हरच बसलेला नाही. 'कोड ४३' म्हणजे उपकरणानेच दोष कळविला आहे. अशा वेळी यूएसबी हब टाळून केबल थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी. 'कोड ५२' म्हणजे ड्रायव्हरची अंकीय स्वाक्षरी पडताळता आली नाही. स्वाक्षरीची तपासणी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यामुळे सबंध संगणक उघडा पडतो. स्वाक्षरी असलेली आवृत्ती शोधणे अधिक चांगले. विंडोज ११ मधील 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षाव्यवस्थाही काही जुने ड्रायव्हर अडविते.

पोर्ट उमटूनही आज्ञावलीला तो सापडत नसेल, तर त्याचा क्रमांक पाहावा. काही जुन्या आज्ञावल्या फक्त कॉम १ ते ४ ओळखतात आणि विंडोज मात्र सात, अकरा असे क्रमांक देत जाते. पोर्टच्या 'ॲडव्हान्स्ड' मांडणीत क्रमांक बदलता येतो. एफटीडीआय चिपेच्या बाबतीत तेथेच 'लेटन्सी टायमर' असतो. त्याचे मूळ मूल्य १६ मिलिसेकंद आहे. केकेएल केबलसाठी ते १ किंवा २ केल्यास मध्येच तुटणारे संभाषण बहुधा सुधारते. यूएसबीची वीजबचत बंद ठेवणेही इष्ट. विंडोजमधील वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असल्यास काही जुन्या आज्ञावल्यांना फाइलचा मार्ग वाचता येत नाही. मराठीच्या अभिमान्यांनाही अशा वेळी नाइलाजाने रोमन नावाचे वेगळे खाते उघडावे लागते.

ईएलएम३२७ केबलची परीक्षा 'पुट्टी'सारख्या टर्मिनल आज्ञावलीतून घेता येते. मूळ चिपेचा वेग ३८४०० किंवा ९६०० बॉड असतो; नकलांत वेगळाही आढळतो. केबल आता वाहनाला जोडावी, चावी 'ऑन' करावी आणि 'एटीझेड' ही तीन अक्षरे रोमन लिपीत पाठवावीत. चिपेचे नाव परत आले, तर चिप, ड्रायव्हर व वेग हे सर्व ठीक आहे. 'एटीआरव्ही' या आज्ञेने बॅटरीचा दाब कळतो. त्यानंतर '०१००' पाठविल्यावर संपर्क न झाल्याचा संदेश आला, तर शोध वाहनाकडे वळवावा.

लिनक्समध्ये वरील बहुतेक चिपांचे ड्रायव्हर गाभ्यातच असतात. केबल जोडल्यावर 'टीटीवाययूएसबी०' हे नाव दिसते. वापरकर्ता 'डायलआउट' गटात नसल्यास परवानगी नाकारली जाते. उबुंटू २२.०४ मध्ये दृष्टिहीनांच्या ब्रेल उपकरणांसाठीची 'बीआरएलटीटीवाय' ही सेवा सीएच३४० चिपेला आपले उपकरण समजून ताब्यात घेते आणि पोर्ट नाहीसा होतो. ब्रेल उपकरण वापरात नसल्यास ती सेवा काढून टाकता येते.

ड्रायव्हर निर्दोष असूनही संपर्क न होणे

प्रथम वीज पाहावी. ओबीडी सॉकेटच्या पिन १६ व पिन ४ यांच्यामध्ये मल्टिमीटरवर बॅटरीचा दाब मिळाला पाहिजे. न मिळाल्यास फ्यूज गेलेला असतो. पुष्कळ मोटारींत तो सिगारेट लायटरच्या सॉकेटशी सामाईक असतो. मोबाइल चार्जरमुळे उडालेला फ्यूज असा ड्रायव्हरच्या खाती जमा होतो. नव्या मोटारींचे संभाषण पिन ६ व १४ वरील कॅन जाळ्यावर होते आणि केकेएल केबल त्याच्याशी बोलूच शकत नाही, मग ड्रायव्हर कोणताही असो.

वाहनाचे वय आणि नोंदणीचे ठिकाण हा मराठवाड्यात विशेष लक्षात घेण्याजोगा मुद्दा आहे. भारत स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१० रोजी फक्त १३ महानगरांत व शहरांत लागू झाली. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर त्यांत होती, बीड नव्हते. या मानकांखाली ओबीडीचा पहिला टप्पा २०१० पासून व दुसरा एप्रिल २०१३ पासून आवश्यक झाला. उर्वरित देशात भारत स्टेज-३ वाहने विकली जात राहिली. व्याप्ती पुढे टप्प्याटप्प्याने वाढली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारत स्टेज-४ देशभर सक्तीचे झाले. त्यामुळे एमएच २३ या बीडच्या क्रमांकाचे २०१४ सालचे एखादे मालवाहू वाहन ओबीडीविना असणे नियमाला धरूनच आहे. काही जुन्या वाहनांत सोळा पिनांचा सॉकेट असतो, पण त्यामागे उत्पादकाची खासगी संभाषणपद्धती असते. अशा वाहनापुढे सामान्य केबल मुकीच राहते. नोंदणी प्रमाणपत्रावरील उत्सर्जन मानक व उत्पादनाचे वर्ष आधी पाहिल्यास दिवसभराचा खटाटोप वाचतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज-६ मोटारींबाबत ही शंका उरत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात या भागातून साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रक व ट्रॅक्टरांचा प्रकार आणखी वेगळा. अवजड ट्रकांची वीजव्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते व संभाषण 'जे१९३९' मानकाने होते. १२ व्होल्टच्या मोटारींसाठी बनविलेली स्वस्त केबल त्यांना जोडू नये. ट्रॅक्टरांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा प्रसार मुख्यतः ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या ट्रेम-४ मानकांनंतर झाला. त्यापूर्वीच्या बहुसंख्य ट्रॅक्टरांत यांत्रिक डिझेल पंप असतो. तेथे केबल जोडण्यासारखा नियंत्रकच नसतो.