पनवेलचा इतिहास शिकवण्यासाठी मुक्त साहित्य

शिक्षकाला वापरता येईल, गरजेप्रमाणे बदलता येईल आणि इतरांना देता येईल अशा साहित्याला मुक्त शैक्षणिक साहित्य म्हणतात. ही संज्ञा २००२ साली पॅरिसमध्ये युनेस्कोच्या बैठकीत पुढे आली. त्याच वर्षअखेरीस क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने निघाले. पनवेलच्या शाळेत गावाचा इतिहास शिकवायचा तर मात्र याहून कितीतरी जुना आणि समृद्ध साठा हाताशी आहे.

१८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. पनवेल तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. संपादन जेम्स कॅम्पबेल यांचे. त्यातील माहितीनुसार १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि मुंबई-पुणे वाहतूक पनवेल बंदरातून होऊ लागली. गाड्या आणि गाड्यांची चाके बनवणे हा गावाचा मोठा धंदा होता. घाटावरून आलेला गाडीवान ऐपत असेल तर परतताना चाकांची नवी जोडी घेऊन जाई. १८६३ मध्ये कर्जतमार्गे घाटातून रेल्वे सुरू झाली आणि या वाटेचे महत्त्व ओसरले. इयत्ता सहावीच्या मुलांना दळणवळण समजावण्यास याहून चांगले उदाहरण दूर कशाला शोधायचे?

ग्रंथ इंग्रजीत असला तरी त्यावर आता कोणाचाही हक्क नाही. भाषांतर करून, चित्रे घालून, कात्रणांचा स्वाध्याय करून तो वापरता येतो. दुसऱ्या कोणी अलीकडे केलेल्या भाषांतरावर मात्र त्या भाषांतरकाराचा हक्क असतो.

मोफत आणि मुक्त यांत अनेकांची गल्लत होते. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, पण हक्क बालभारतीचेच राहतात. याउलट १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील मजकूर श्रेय देऊन आणि त्याच परवान्याखाली बदलून वाटता येतो. एनसीईआरटीचे मुक्त साहित्याचे राष्ट्रीय भांडारही ऑगस्ट २०१३ पासून अशाच परवान्यांचा आधार घेते. साहित्य उतरवण्याआधी पानाच्या तळाशी लिहिलेला परवाना वाचावा. नुसते ‘मोफत’ लिहिलेले असणे पुरेसे नाही.

भारतीय कायद्यानुसार सरकारी प्रकाशनावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. पनवेल पुढे कुलाबा जिल्ह्यात गेले; महाराष्ट्र राज्याचे कुलाबा जिल्हा गॅझेटिअर १९६४ साली निघाले. १ जानेवारी २०२५ पासून तेही खुले झाले आहे. त्यातील पनवेल तालुक्याची माहिती मराठीत आणून मुक्त परवान्याने वाटण्यास कायद्याची आडकाठी उरलेली नाही; पनवेलच्या शिक्षकांनी हे काम हाती घ्यावे.