चेक वटला का?

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या एका ओळीच्या कोडमुळे एका माणसाचं टेबल गेलं.

आमची टीम पुण्यात बसून अमेरिकेतल्या छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांसाठी पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहायची. तिकडे कार्डाशिवाय ‘ई-चेक’ असाही एक पर्याय असतो. ग्राहक वेबसाइटवर बँकेचा रूटिंग नंबर आणि खाते क्रमांक टाकतो आणि विक्रेत्याला खात्यातून पैसे ओढून घ्यायची परवानगी देतो. कार्डाचं कमिशन टक्क्यांत कापलं जातं. ई-चेकचा खर्च बहुतेकदा त्याहून बराच कमी, म्हणून महागड्या वस्तू विकणाऱ्यांना तो परवडतो.

बँकेने आमची फाइल स्वीकारली की मी ऑर्डरवर ‘पैसे मिळाले’ असं दाखवत होतो. फर्निचर विकणाऱ्या एकाने ते बघून टेबल पाठवून दिलं. तीन दिवसांनी बँकेकडून कोड आला : आर०१. खात्यात पुरेशी रक्कम नाही.

बाबांचं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “अरे, चेक वटल्याशिवाय माल सोडतात का?”

“बाबा, हा कागदी चेक नव्हता.”

“पण चेकच होता ना?”

ते किती बरोबर बोलले होते, हे मला इतिहास वाचल्यावर कळलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन बँकांमध्ये चेकचा पूर आला. १९५०च्या दशकात बँक ऑफ अमेरिका आणि स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने मिळून ‘एर्मा’ नावाची यंत्रणा उभी केली. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईत छापलेले ते विचित्र आकडे त्याच कामातून आले. आपल्या चेकबुकातही ते आहेत. आता यंत्र चेक वाचू लागलं, पण कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत न्यावा लागतच होता. शेवटी १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या बँकर्सनी कागदाशिवाय व्यवहार कसे करता येतील यावर एक समिती नेमली. त्यातून १९७२ मध्ये तिथे पहिलं ‘ऑटोमेटेड क्लिअरिंग हाउस’, म्हणजे एसीएच सुरू झालं. १९७४ मध्ये राष्ट्रीय संघटना आली. तिचं नाव ‘नाचा’. मराठी माणसाला हसू येतं, पण आजही तिचेच नियम चालतात.

या मंडळींनी कागद काढला, चेकची रीत मात्र तशीच ठेवली. व्यवहार एकेक करून जात नाहीत, गठ्ठ्याने जातात. फाइलच्या प्रत्येक ओळीत बरोबर ९४ अक्षरं. ग्राहकाची बँक ‘हो, पैसे आहेत’ असं कळवतच नाही. अडचण असेल तरच ती नोंद परत पाठवते. शिल्लक नसेल तर त्यासाठी साधारण दोन कामकाजाचे दिवस मिळतात. तेवढ्यात काही आलं नाही तर चेक वटला असं धरायचं. म्हणजे यशाचा निरोप नसतोच, फक्त अपयशाचा असतो. मी मात्र फाइल पोचल्याची पावती हाच होकार समजलो होतो.

सुरुवातीला या व्यवस्थेचं मोठं काम म्हणजे पगार आणि सरकारी पेन्शन खात्यात जमा करणं. देणारा ओळखीचा, घेणारा ओळखीचा. २००१च्या सुमारास इंटरनेटवरून दिलेल्या परवानगीसाठी ‘वेब’ हा वेगळा कोड आला आणि अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या खात्यातून पैसे ओढू लागला. इथे १९७८चा कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. ‘ही परवानगी मी दिलीच नव्हती’ असं सांगून ग्राहक पैसे परत मागू शकतो आणि असा व्यवहार साधारण ६० दिवसांपर्यंत उलटू शकतो. चोरीला गेलेल्या खाते क्रमांकापासून ग्राहकाला वाचवायचं तर हे हवंच. पण तो धोका विक्रेत्याच्या गळ्यात पडतो. २०१६ पासून त्याच दिवशी पैसे पोचवायची सोय झाली, तरी परत येण्याची मुदत राहिलीच. २०२१ पासून नवा खाते क्रमांक पहिल्यांदा वापरताना तो खरा आहे का, हे तपासणं सक्तीचं झालं. त्या खात्यात पैसे आहेत का, हे त्यातून कळतंच असं नाही.

आपल्याला हे जुनाट वाटतं, कारण २०१६ पासून आपल्या हातात यूपीआय आहे. तिथे ग्राहक स्वतः पिन टाकून पैसे ढकलतो, आणि दुकानदाराला तिथल्या तिथे कळतं. पण तुमच्या एसआयपीचा किंवा ईएमआयचा हप्ता बऱ्याचदा ज्यातून कापला जातो, ते ‘नाच’ म्हणजे नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाउस. नावापासून रीतीपर्यंत त्याच घराण्यातलं. म्हणून तर तो हप्ता ‘बाउन्स’ होतो.

त्या चुकीनंतर मी ऑर्डरला तिसरी अवस्था जोडली : ‘वटायचा आहे’. विक्रेत्याने विचारलं, मग माल नक्की किती दिवसांनी पाठवू? खरं उत्तर ६० दिवस होतं, आणि इतके दिवस टेबलासाठी कोण थांबेल? शेवटी ठरलं, जुन्या ग्राहकाला तीन दिवस, नव्याला सात, आणि रक्कम फार मोठी असेल तर आधी एक फोन.

बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “आम्ही पण असंच करतो.”