विषाणुजन्य हिपॅटायटिस

विषाणूंच्या संसर्गामुळे यकृताला येणाऱ्या दाहास विषाणुजन्य हिपॅटायटिस किंवा विषाणुजन्य यकृतदाह असे म्हणतात. या रोगाचे ए, बी, सी, डी आणि ई असे पाच प्रमुख प्रकार आहेत. पाचही प्रकारांची सुरुवातीची लक्षणे जवळजवळ सारखी असली, तरी त्यांचे परिणाम अत्यंत भिन्न असतात. बोलीभाषेत या रोगाला सरसकट ‘कावीळ’ म्हटले जाते. प्रत्यक्षात कावीळ हे केवळ लक्षण असून ते पित्ताशयातील खडे, काही औषधे किंवा तांबड्या रक्तपेशींचा नाश यांमुळेही दिसू शकते.

लक्षणे

थकवा, ताप, अन्नावरील वासना जाणे, मळमळ, उलट्या आणि पोटात उजवीकडे वरच्या भागात दुखणे ही प्रारंभीची लक्षणे होत. यकृताचे कार्य बिघडल्याने रक्तात बिलिरुबिन साठते. त्यामुळे लघवी गडद होते आणि डोळे व त्वचा पिवळी दिसू लागतात. झोपेची सतत गुंगी, मानसिक गोंधळ किंवा रक्तस्राव ही यकृत निकामी होत असल्याची चिन्हे असून अशा रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

ए प्रकारात लहान मुलांना बहुधा कावीळ होत नाही. प्रौढांना ती अधिक प्रमाणात होते. सी प्रकाराच्या नव्या संसर्गात सुमारे ८० टक्के व्यक्तींना कोणतेही लक्षण जाणवत नाही. ए प्रकाराचा अधिशयन काळ साधारण २ ते ४ आठवडे, ई प्रकाराचा २ ते १० आठवडे, तर बी प्रकाराचा १ ते ६ महिने असतो.

परिणाम

ए आणि ई : हे प्रकार मुख्यतः दूषित पाणी व अन्नातून पसरतात आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. मात्र गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत ई प्रकार घातक ठरू शकतो. अशा स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते.

बी : हा प्रकार रक्त, लैंगिक संबंध आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाला होतो. त्याचा परिणाम संसर्गाच्या वेळच्या वयावर अवलंबून असतो. प्रौढांपैकी ५ टक्क्यांहून कमी व्यक्तींमध्ये संसर्ग दीर्घकालीन होतो; अर्भकांमध्ये हेच प्रमाण सुमारे ९५ टक्के असते. अशा संसर्गातून पुढे यकृताचा सिरोसिस किंवा कर्करोग उद्भवू शकतो. औषधांनी विषाणू काबूत ठेवता येतो, परंतु तो क्वचितच समूळ नष्ट होतो.

सी : हा मुख्यतः रक्तावाटे पसरतो. बहुसंख्य रुग्णांत तो दीर्घकालीन होतो आणि अनेक वर्षे लक्षणांविना यकृताची हानी करत राहतो. तथापि ८ ते १२ आठवडे घ्यावयाच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात.

डी : हा विषाणू बी विषाणूच्या साहाय्याशिवाय वाढू शकत नाही. दोन्ही संसर्ग एकत्र असल्यास सिरोसिस लवकर होतो.

निदान

लक्षणांवरून प्रकार ओळखता येत नाही. त्यासाठी रक्तातील प्रतिजन, प्रतिपिंडे किंवा विषाणूचा जनुकीय अंश तपासावा लागतो. १९५५-५६ मध्ये दिल्लीत सांडपाणी मिसळलेल्या पाण्यामुळे काविळीची सुमारे २९,००० रुग्णांची साथ आली. ती ए प्रकाराची मानली गेली होती. जतन केलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून ती वेगळ्या विषाणूची असल्याचे पुढे १९८० मध्ये दिसून आले. हा विषाणू आज ई या नावाने ओळखला जातो.

प्रतिबंध

ए आणि बी प्रकारांवर लस उपलब्ध आहे. बी लसीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत देण्याची शिफारस असून ती डी प्रकारापासूनही संरक्षण देते. सी प्रकारावर लस नाही; त्यामुळे तपासलेले रक्त आणि निर्जंतुक सुया यांचा वापर हाच मुख्य उपाय होय. ए व ई टाळण्यासाठी शुद्ध पाणी आणि सांडपाण्याची योग्य विल्हेवाट आवश्यक असते. बी विषाणूचा शोध लावणारे बरूच ब्लूमबर्ग यांच्या जन्मदिनी, २८ जुलै रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिन पाळला जातो.