एडब्ल्यूएस सीएलआय ‘इन्स्टॉल होत नाही’, तेव्हा आधी काय पाहावे

अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसचा कारभार ब्राउझरऐवजी टर्मिनलमधून चालवणाऱ्यांसाठी एडब्ल्यूएस सीएलआय हे नित्याचे साधन आहे. नवी नोकरी किंवा नवा लॅपटॉप मिळाला की पहिल्याच दिवशी ते इन्स्टॉल करावे लागते, आणि पुष्कळदा त्याच दिवशी ते अडते. मग तीच फाइल पुन्हा उतरवणे, पुन्हा चालवणे, असा खटाटोप सुरू होतो. वस्तुतः अनेकदा नवे साधन नीट बसलेले असते. हाक मारल्यावर ‘ओ’ मात्र जुने देते.

यामागे थोडा इतिहास आहे. पहिली आवृत्ती २०१३ साली आली. ती पायथॉनवर अवलंबून होती आणि ‘पिप’मार्फत मिळे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वांसाठी खुली झालेली दुसरी आवृत्ती स्वतःचे पायथॉन बरोबर घेऊन येते आणि ‘पिप’मार्फत वितरित होत नाही. तरीही जुन्या मार्गदर्शिकांत ‘पिप इन्स्टॉल एडब्ल्यूएससीएलआय’ हाच आदेश आढळतो. तो दिल्यास कसलीही तक्रार न होता पहिली आवृत्ती बसते. खरी गोम येथेच आहे.

उबुंटूवरील नेहमीचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या आवृत्तीचा इन्स्टॉलर यशस्वी झाल्याचे सांगतो. पण ‘एडब्ल्यूएस एसएसओ लॉगिन’ म्हणताच ‘इनव्हॅलिड चॉइस’ असे उत्तर येते, कारण हा आदेश पहिल्या आवृत्तीत नाही. अशा वेळी प्रथम ‘एडब्ल्यूएस --व्हर्जन’ विचारावे. उत्तरातील पहिला आकडा १ असेल, तर ‘टाइप -ए एडब्ल्यूएस’ हा आदेश द्यावा. शेलला दिसणाऱ्या सर्व प्रती तो क्रमाने दाखवतो. ‘पिप’ने ठेवलेली प्रत बहुधा आपल्या होम फोल्डरातील ‘.लोकल/बिन’मध्ये असते, तर नवी ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये. उबुंटूच्या ‘पाथ’मध्ये पहिली जागा दुसरीच्या आधी येते, म्हणून जुनी प्रतच चालते. अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवरही होमब्रूची प्रत ‘/ऑप्ट/होमब्रू’खाली आणि अधिकृत इन्स्टॉलरची ‘/यूएसआर/लोकल’खाली, असा दुहेरी संसार थाटलेला दिसतो.

उपाय सरळ आहे: जुनी प्रत जिने आणली, तिच्याच हातून काढावी. ‘पिप’ने आणली असल्यास त्याच पायथॉनच्या ‘पिप’ने, ‘एप्ट’ने आणली असल्यास ‘एप्ट’ने. त्यानंतरही बॅश जुन्याच पत्त्यावर जाऊन ‘नो सच फाइल’ म्हणत असेल, तर ‘हॅश -आर’ देऊन त्याची स्मृती पुसावी.

या साफसफाईत एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. होम फोल्डरातील ‘.एडब्ल्यूएस’ नावाचा लपलेला फोल्डर इन्स्टॉलचा भाग नव्हे. त्यात आपली प्रोफाइल्स आणि किल्ल्या असतात. गुप्त किल्ली एडब्ल्यूएस केवळ ती तयार होतानाच दाखवते; पुढे ती पाहण्याची सोय नाही. फोल्डर उडवला आणि दुसरीकडे नोंद नसली, तर नवी किल्ली काढून ती जिथे जिथे वापरात आहे तिथे तिथे बदलत बसावे लागते.

उरलेले अडथळे त्यामानाने किरकोळ. ‘प्रीएक्झिस्टिंग इन्स्टॉलेशन’ असा संदेश आला, तर ‘--अपडेट’ जोडून इन्स्टॉलर पुन्हा चालवावा. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणजे एआरएम प्रोसेसरवर इंटेलसाठीची फाइल उतरवली, किंवा याच्या उलट. नव्या डेबियन-उबुंटूवर ‘पिप’ ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ म्हणून अडवते. तेथे ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ची सक्ती करण्यापेक्षा आपण मुळातच जुन्या वाटेने निघालो आहोत, हे ओळखावे. विंडोजवर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडावे, कारण आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीला नवा ‘पाथ’ ठाऊक नसतो.

कंपनीच्या लॅपटॉपवर आणखी दोन प्रश्न येतात. लिनक्सवर प्रशासकीय अधिकार नसतील, तर इन्स्टॉलरला ‘-आय’ आणि ‘-बी’ हे पर्याय देऊन होम फोल्डरातच जागा नेमून देता येते. दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. कंपनीचा प्रॉक्सी सुरक्षित वाहतूक मधेच उघडून तपासत असेल, तर ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ अशी त्रुटी येते. घाईत अनेक जण ‘--नो-व्हेरिफाय-एसएसएल’ लावून मोकळे होतात. पण मग समोर खरोखर अ‍ॅमेझॉनच आहे की आणखी कोणी, हे तपासणेच बंद होते, आणि असा पर्याय एकदा स्क्रिप्टमध्ये शिरला की सहसा बाहेर येत नाही. आयटी विभागाकडून कंपनीचे मूळ प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि त्याचा पत्ता ‘एडब्ल्यूएस_सीए_बंडल’ या चलात द्यावा. त्यात एखादा दिवस जाईल, तो जाऊ द्यावा.

शेवटची तपासणी ‘एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी’ या आदेशाने करावी. खात्याचा क्रमांक आणि आपली ओळख दिसली, तर सर्व सुरळीत आहे. ‘अनेबल टू लोकेट क्रेडेन्शियल्स’ असे आले, तर इन्स्टॉल पूर्ण झाले असून केवळ लॉगिन किंवा किल्ल्यांची मांडणी बाकी आहे. मात्र आदेशाआधी ‘सुडो’ लावलेले नाही ना, तेवढे पाहावे. लावले असल्यास साधन आपल्याऐवजी रूटच्या होम फोल्डरात किल्ल्या शोधत असते.