जंगम आणि स्थावर: फ्रान्सच्या खेड्यांतील जुने घरसामान

फ्रेंच भाषेत घरातील लाकडी सामानास ‘मब्ल’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘हलविता येण्याजोगे’ असा आहे. इमारतीस म्हणतात ‘इमब्ल’, म्हणजे न हलणारे. आपल्या कायद्याच्या भाषेतील जंगम आणि स्थावर हीच ती जोडी. बदलीच्या हुकुमावर ज्यांचा संसार चालतो, त्या आमच्यासारख्यांस ही जोडी समजावून सांगावयास नको. दर तीन-चार वर्षांनी सामान पेट्यांत भरावयाचे, नव्या गावच्या सरकारी बंगल्यात उतरावयाचे, आणि पाठीवर रंगाने क्रमांक घातलेल्या खुर्चीवर बसून ‘हेच आता आपले घर’ असे स्वतःस बजावावयाचे, हा क्रम वाचकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. म्हणूनच की काय, फ्रान्सच्या खेड्यांतील जुन्या सामानाचा इतिहास वाचताना तो आम्हांस परका वाटला नाही.

या सामानाने घर सजविण्याची हौस आज जगभर आहे. नॉर्मंडीचे कोरीव कपाट दिवाणखान्यात, प्रोव्हान्सची पावाची जाळी भिंतीवर, लव्हाळ्याने विणलेल्या खुर्च्या जेवणाच्या मेजाभोवती, असा तो थाट असतो. या हौशीची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आपल्या घराला शोभा देणारी वस्तू कोणाच्या घरातून निघाली, आणि तेथे ती काय काम करीत होती, हे जाणून घेतल्यावाचून तिची शोभा अर्धीच कळते, असे आम्हांस वाटते.

प्रथम राजाचे सामान पाहू. मध्ययुगात फ्रान्सचे राजे व सरदार एका गढीतून दुसरीत सतत फिरत असत, आणि त्यांचे पेटारे, पलंगाचे पडदे, भिंतीवर टांगावयाची विणलेली चित्रे त्यांच्याबरोबर फिरत. दरबार व्हर्सायला स्थिरावला तो १६८२ साली. त्याच्या आधीच, १६६३ मध्ये, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने राजाच्या सामानाच्या खात्याची घडी नव्याने बसविली होती. प्रत्येक मेजाची व खुर्चीची नोंदवहीत नोंद व्हावयाची आणि वस्तूवर क्रमांक पडावयाचा. आमच्या बंगल्यातील खुर्चीच्या पाठीवर जो क्रमांक असतो, त्याचे कूळ असे बरेच थोर आहे!

या राजवैभवाचा शेवटही नोंदवहीनेच केला. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षी २५ ऑगस्टला व्हर्सायच्या राजवाड्यातील सामानाचा लिलाव सुरू झाला आणि तो पुढील वर्षाच्या ऑगस्टपर्यंत चालला. लिलावात १७,१८२ बाबी होत्या. राजाचे घर अशा रीतीने वर्षभरात रिकामे झाले. आणि त्याच वर्षी नॉर्मंडीच्या किंवा प्रोव्हान्सच्या एखाद्या खेड्यातील सुतार काय करीत होता? तो पंधराव्या लुईच्या काळी रूढ झालेला, हरणाच्या पायासारखा डौलदार बाक असलेला पाय शांतपणे तासत होता. पंधरावा लुई १७७४ मध्ये वारला. पॅरिसने त्यानंतर सरळ रेषांचा सोस धरला, पुढे साम्राज्याचा अवजड थाट धरला. पण खेड्यांनी तो बाकदार पाय एकोणिसाव्या शतकातही बराच काळ सोडला नाही. राजे गेले आणि त्यांच्या कारकिर्दीचे वळण शेतकऱ्याच्या कपाटाखाली उभे राहिले.

पॅरिसचा कारागीर आणि खेड्यातील सुतार यांत आणखी एक भेद होता. पॅरिसच्या सुतारसंघाच्या १७४३ च्या नियमांप्रमाणे उस्तादाने आपल्या कामावर नावाचा शिक्का उठविणे सक्तीचे झाले. १७९१ मध्ये कारागिरांचे संघच रद्द होईपर्यंत ही पद्धत चालली. म्हणून पॅरिसच्या खुर्चीचा कर्ता बहुधा सांगता येतो. खेड्यातील कपाट मात्र बहुतेक निनावी असते. त्याची ओळख पटते ती लाकडावरून. नॉर्मंडीत ओक, प्रोव्हान्समध्ये अक्रोड, ब्रिटनीत ओक व चेस्टनट, अल्सासमध्ये पाइनवर रंगविलेली फुले. आणि ब्रेस भागात दोन रंगांची लाकडे मुद्दाम एकत्र आणून केलेली नक्षी. जे झाड गावच्या शिवारात उभे, तेच घरात आले. १७०९ च्या भीषण हिवाळ्यात फ्रान्समधील अक्रोडाची असंख्य झाडे गारठून मेली, तेव्हा तो घाव बागांइतकाच सुतारांच्या दुकानांनाही बसला.

आता नॉर्मंडीच्या कपाटाकडे वळू. त्याला ‘आर्मवार’ म्हणतात. अठराव्या शतकापूर्वी शेतकऱ्याचे वैभव पेटाऱ्यात असे. मृत्यूनंतर नोटरीने केलेल्या घरसामानाच्या याद्या इतिहासकारांनी अभ्यासल्या आहेत, आणि त्यांत पेटारा मागे पडून उभे कपाट पुढे येताना स्पष्ट दिसते. नॉर्मंडीत हे कपाट वधूचे असे. माथ्यावर चोचीला चोच लावलेली कबुतरांची जोडी, फुलांची परडी, गव्हाच्या ओंब्या अशी कोरीव नक्षी. आत चादरी, मेजावरची वस्त्रे, रुमाल यांच्या घड्या. मुलगी जन्मली की बापाने ओकचे झाड तोडून लाकूड वाळत ठेवावे, असे लोक सांगतात. ही गोष्ट सर्वत्र खरी असो वा नसो, तिच्यामागची भावना खरी आहे. लग्नाच्या वेळी हे कपाट गाडीवर चढवून, गावाला दिसेल अशा बेताने, वराच्या घरी नेत. आपल्याकडे रुखवत मांडतात तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की हे रुखवत माणसाहून उंच होते आणि पुढे दोनशे वर्षे टिकणार होते.

एवढ्या कापडाची गरज काय, असे कोणी विचारील. कारण अगदी व्यवहारी आहे. मोठी धुणी वर्षातून दोन-चार वेळाच निघत. लाकडाच्या राखेचे पाणी तापवून, कपड्यांवरून पुनःपुन्हा ओतून, मग नदीवर नेऊन बडवावयाचे, हे काम कित्येक दिवसांचे. दोन धुण्यांमधला काळ निभावावयाचा तर चादरी डझनांनी हव्यात, आणि त्या ठेवावयास कपाट तसेच प्रशस्त हवे. आज दिवाणखान्यातील पाहुण्यास जो ऐटीचा आकार वाटतो, त्याच्या पोटात धुणेवालीचे कष्ट आहेत.

ब्रिटनीत घराचा घाट निराळा. तेथे शेतकऱ्याचे सारे कुटुंब, गडीमाणसांसह, बहुधा एकाच मोठ्या खोलीत राही. हवा ओली, वारा बोचरा. तेथे ‘ली-क्लो’ म्हणजे मिटलेला पलंग निघाला. हा वस्तुतः लाकडाचा कोनाडाच. सरकती दारे लावून घेतली की ऊब आणि आडोसा दोन्ही मिळत. पुढे एक लांब पेटीवजा बाक. त्यावर पाय देऊन पलंगात चढावयाचे, त्यावरच बसावयाचे, आणि त्याच्या पोटात कपडे ठेवावयाचे. भिंतीलगत पलंग, कपाट, घड्याळ अशी ओळ लागली म्हणजे सामान कोठे संपले आणि भिंत कोठे सुरू झाली हे कळू नये. जंगम हा शब्द येथे नावापुरता उरला होता.

दक्षिणेकडे प्रोव्हान्समध्ये ऊन भरपूर, पण उंदीरही भरपूर. तेथील ‘पानतिएर’ ही आम्हांस सर्वांत लोभस वाटणारी वस्तू. कातीव दांड्यांची ही अक्रोडी पेटी भिंतीवर उंच टांगलेली असे, आणि खाली कणीक तिंबण्याची लाकडी पेटी ठेवण्याचा प्रघात होता. पाव रोज भाजत नसत. एकदा भाजलेले पाव कित्येक दिवस पुरवावयाचे. ते उंदरांपासून वाचावेत आणि दांड्यांमधून वारा खेळून बुरसू नयेत, हा हेतू. आपल्या माजघरातील शिंकाळे जे काम करी, तेच हे; परंतु प्रोव्हान्सच्या सुताराने त्या शिंकाळ्यावर फुलांच्या वेली कोरल्या आणि माथ्यावर छोट्या दीपमाळेसारखे खुंट उभे केले. गरजेच्या वस्तूवर इतका जीव ओतणारा माणूस दरिद्री म्हणावा कसा?

याच प्रोव्हान्समध्ये आपल्या देशाचा एक धागा आहे, आणि तो शब्दशः धागा आहे. तेथील पलंगपोस आणि पडदे यांवर जी बारीक फुलांची छपाई दिसते, तिला ‘अँदिएन’, म्हणजे ‘हिंदी’, असे नाव आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानचे रंगीत सुती कापड मार्सेय बंदरात उतरू लागले. न विटणारे त्याचे रंग पाहून तेथील कारागिरांनी नक्कल आरंभिली. रेशीम व लोकर विणणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा १६८६ मध्ये सरकारने असे कापड आणण्यास व छापण्यास बंदी घातली. ही बंदी १७५९ पर्यंत चालली, आणि बंद्यांचे होते तेच तिचेही झाले: कापड चोरवाटेने येत राहिले. आज ‘अस्सल फ्रेंच ग्रामीण’ म्हणून जी फुले मिरविली जातात, त्यांचे माहेर आपल्या समुद्रकिनाऱ्यावर आहे.

ज्युरा पर्वतातील उंच, पोट सुटलेल्या घड्याळांविषयी एकच गोष्ट सांगतो. ती प्रत्येक तासाचे ठोके दोनदा देतात. एकदा वेळेवर, आणि सुमारे दोन मिनिटांनी पुन्हा. पहिल्या वेळी मोजताना चुकलेल्या माणसास दुसरी संधी मिळते. सरकारी दप्तरात अशी घड्याळे असती तर किती बरे झाले असते!

हे सारे खेड्यांतून निघाले कसे? रेल्वे आली, शहरांत कारखाने निघाले, शेतीची माणसे शहराकडे गेली. तयार सामान स्वस्त मिळू लागले. जुन्या वस्तूंचे व्यापारी गावोगाव फिरू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ओकचे मेज देऊन चकचकीत फॉर्मायकाचे मेज घेण्यात शेतकऱ्याच्या घरास भूषण वाटू लागले. त्यांना दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. पुसले की स्वच्छ होणारे मेज त्या गृहिणीने का नाकारावे? ब्रिटनीच्या पलंगांच्या कोरीव दर्शनी बाजू तेवढ्या काढून पुस्तकांची कपाटे झाली. दूरचित्रवाणीचा संचही त्यांत बसला.

हा ऱ्हास आधी ओळखणारे थोडे होते. प्रोव्हान्सच्या भाषेचा कवी फ्रेदेरिक मिस्त्राल याने आर्ल येथे आपल्या प्रांताचे वस्तुसंग्रहालय काढले. ते १८९९ मध्ये खुले झाले. १९०४ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पैशातून त्याने स्वतःचे घर सजविले नाही. संग्रहालयास मोठी वास्तू मिळवून दिली, आणि १९०९ मध्ये ते तेथे गेले. दीर्घ डागडुजीनंतर २०२१ मध्ये ते पुन्हा उघडले. पॅरिसमध्ये जॉर्ज आंरी रिव्हिएर याने १९३७ मध्ये लोककला व लोकपरंपरा यांचे राष्ट्रीय संग्रहालय उभारले. पुढे देश जर्मनांच्या टाचेखाली असता, १९४१ पासून, त्या संस्थेने खेड्यांतील घरे आणि घरसामान यांची पाहणी हाती घेतली, आणि तरुण मंडळी दारोदार जाऊन कपाटांची व पेट्यांची मोजमापे घेऊ लागली. रिव्हिएरचा आग्रह असा, की वस्तू एकटी उचलू नये. ती खोलीत कोठे होती, शेजारी काय होते, कोण वापरीत होते, हे सारे तिच्याबरोबर टिपावे. ते संग्रहालय २००५ मध्ये बंद झाले, आणि संग्रह मार्सेय येथील २०१३ मध्ये उघडलेल्या नव्या संग्रहालयाकडे गेला. जंगमाच्या नशिबी बदली चुकली नाही.

अशी वस्तू घेऊ इच्छिणाऱ्यासाठी जाणते लोक काही खुणा सांगतात. कपाटाची पाठ पाहावी. हाताच्या रंध्याने तासलेली फळी बोटांना किंचित खालवर लागते. करवतीच्या खुणा अर्धगोल असतील तर ते लाकूड चक्राकार करवतीने, म्हणजे एकोणिसाव्या शतकात वा नंतर, कापलेले. लाकूड आडवे आकसते, म्हणून जुने गोल मेज मोजले तर ते पुरते गोल भरत नाही. सांधे खिळ्यांनी नव्हे, लाकडी खुंट्यांनी घट्ट केलेले असतात. त्या खुंट्या काढून नॉर्मंडीचे अवाढव्य कपाट सुटे करता येते आणि नव्या घरी पुन्हा उभे करता येते. सुताराला ठाऊक होते, की मुलगी परघरी जाणार.

हे वाचताना आम्हांस आमच्या आजीचे सागवानी फडताळ आठवले. वाटणीच्या वेळी ते कोणीच घेतले नाही. आम्ही तेव्हा दूर नोकरीवर होतो. ‘बदलीच्या नोकरीत ते कोठे वाहून न्यायचे?’ असे पत्र आम्हीच लिहिले, आणि फडताळ जुन्या बाजारात गेले. त्याच्या दाराच्या आतल्या अंगाला आजीने दुधाच्या हिशेबासाठी ओढलेल्या रेघा होत्या. आज ते कोणाच्या तरी बैठकीत शोभा देत असेल. त्या रेघा घासून, वर झिलई चढविली असेल. त्या घरच्या माणसांवर आमचा राग नाही. त्यांनी ते निदान उभे ठेवले. आम्ही तेवढेही केले नाही.

म्हणून जुन्या सामानाने घर सजविणाऱ्यास आमचे एवढेच सांगणे. पावाच्या पेटीत पाव ठेवा, कपाटात चादरी ठेवा, बाकावर बसा. वस्तू वापरात राहिली तर ती कोणत्याही गावी घर करते. आणि ज्यांचे फडताळ अजून कोकणात वा देशावर एखाद्या अंधाऱ्या खोलीत उभे आहे, त्यांनी पुढील रजेत त्याचे दार एकदा उघडून आत पाहावे.