शेवटच्या वर्षाचं फोटो प्रदर्शन : मालिका कशी तयार करावी?

अप्लाइड आर्ट, फोटोग्राफी किंवा मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थ्याला एक फोटो मालिका करून ती प्रदर्शनात लावावी लागते. घरच्यांना हे काम सोपं वाटतं. कॅमेरा आहे, दहा फोटो काढायचे, फ्रेम करायचे, झालं! प्रत्यक्षात फोटो काढणं हा यातला अर्धाच भाग असतो.

मालिका म्हणजे दहा सुंदर फोटो नव्हेत. एकच गोष्ट वेगवेगळ्या अंगांनी दाखवणं म्हणजे मालिका. त्यात जागा दिसावी, माणूस दिसावा, त्याचे हात आणि वापरातल्या वस्तू दिसाव्यात, आणि काहीच घडत नसतानाचा एखादा क्षणही असावा. दयानिता सिंग अहमदाबादच्या एनआयडीमध्ये शिकत असताना तबलावादक उस्ताद झाकीर हुसेन यांच्यासोबत दौऱ्यांवर फिरल्या. त्या विद्यार्थी-कामातून 1986 साली पुस्तक तयार झालं. मैफलीचा फोटो कोणीही काढू शकला असता. प्रवास, रियाज, घर हे सगळं मात्र सोबत राहिल्याशिवाय मिळालं नसतं.

म्हणून विषय असा निवडा जिथे पुन्हा पुन्हा जाता येईल. भिवंडीत राहणाऱ्याला यंत्रमागाचा कारखाना जवळचा, कोकणातल्या मुलीला मासळीचा बाजार. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर कबाबच्या धुराचे फोटो दरवर्षी शेकडो जण काढतात. त्याच गल्लीत सहरीच्या आधी भांडी घासणाऱ्या पोऱ्याकडे कोणी पाहत नाही. टोपी, बुरखा आणि नमाजाच्या रांगा एवढ्यावरच आपल्या मोहल्ल्याची ओळख संपते असं बाहेरच्या कॅमेऱ्याला वाटतं. आपल्याच मुलांनी तेच पुन्हा का काढावं?

परवानगीचा मुद्दा मात्र हलक्यात घेऊ नका. अम्मीचा स्वयंपाकघरातला फोटो घरात छान वाटतो, पण तोच फोटो तीन फूट मोठा करून अनोळखी लोकांसमोर लागणार आहे आणि तिथून कोणाच्याही मोबाइलमध्ये जाणार आहे. हे तिला आधी सांगा. ‘फोटो काढू का?’ आणि ‘प्रदर्शनात लावू का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निवडलेला फोटो दाखवून दुसरा प्रश्न विचारा आणि होकार दोन ओळींत लिहून घ्या. लहान मुलांसाठी आई-वडिलांची संमती हवी. मशीद, दर्गा किंवा मदरशात ट्रस्टींकडून लेखी परवानगी घेतलेली बरी. चेहरा नको असेल तर हात, पाठमोरी आकृती, खिडकीजवळची रिकामी खुर्ची यातूनही माणूस उभा राहतो. शेवटच्या आठवड्यात कोणी नकार दिला तर वाद न घालता फोटो काढून टाकायचा. त्यासाठी दोन-तीन जादा फोटो तयार ठेवावेत.

आता निवड. रॉबर्ट फ्रँक यांनी ‘द अमेरिकन्स’साठी सत्तावीस हजारांच्या आसपास फोटो काढले, पुस्तकात घेतले फक्त 83. आपल्यालाही चारशे-पाचशेतून दहा-बारावर यायचं आहे, आणि ते कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर नीट होत नाही. साठ-सत्तर फोटोंच्या 4 बाय 6 इंचाच्या स्वस्त प्रिंट काढा, फरशीवर पसरा आणि काही दिवस तशाच ठेवा. येता-जाता क्रम बदलत राहतो. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर एक जातो. ‘यासाठी मी पहाटे चारला उठलो होतो’ म्हणून राहिलेला फोटो बहुतेक वेळा जायलाच हवा, कारण बघणाऱ्याला ती पहाट दिसत नाही. फोटोग्राफीतलं काही न कळणाऱ्या खालाला एकदा दाखवा. ती कुठे थांबते, कुठे पटकन पुढे जाते, एवढंच बघा.

प्रिंटचं गणित साधं आहे. जवळून बघायच्या प्रिंटला इंचाला 300 पिक्सेल धरतात. 12 बाय 18 इंचासाठी 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात, म्हणजे 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा आरामात पुरतो. मोबाइलच्या 12 मेगापिक्सेल फोटोची प्रिंट साधारण 10 बाय 13 इंचापर्यंत चांगली येते. लॅबला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखी पाठवू नका, ती दाबली जाऊन लहान होते. पेन ड्राइव्ह नेलेला उत्तम. सगळ्या प्रिंट एकदम न काढता आधी एक नमुना काढून बघा. स्क्रीनवर उजळ दिसणारा फोटो कागदावर अनेकदा काळवंडतो. हॉलमध्ये वरून दिवे असतील तर चकचकीत कागद टाळून मॅट घ्या. फ्रेमचा खर्च झेपत नसेल तर सनबोर्डवर चिकटवलेली प्रिंटही चालते, फक्त कडा स्वच्छ कापून घ्या.

लावताना फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर ठेवतात. सगळे फोटो एकाच मापाचे असायलाच हवेत असं नाही. शेजारी लावायच्या निवेदनाला शंभर-दीडशे शब्द पुरेत. ‘जीवनाचं वास्तव’ वगैरे भारी शब्द नकोत. काय, कुठे, किती दिवस काढलं तेवढं लिहा. नावं लिहिण्याआधी त्या माणसांना पुन्हा विचारा.

शेवटचे दोन आठवडे प्रिंट आणि मांडणीसाठी मोकळे ठेवा, त्या काळात नवा फोटो काढायचा नाही. प्रदर्शन उतरल्यावर प्रिंटमध्ये साधा कागद घालून त्या आडव्या ठेवा. आणि ज्यांचे फोटो लावले त्यांना एकेक प्रत पोचवा, 4 बाय 6ची असली तरी चालेल.