एक ग्रहण, दोन गावे

चंद्रग्रहण पृथ्वीवर जिथून जिथून दिसते, तिथून ते एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी सुटते. सूर्यग्रहणाची गोष्ट निराळी. तिथे चंद्राची सावली गावामागून गाव ओलांडत जाते. चंद्रग्रहणात काळवंडतो तो चंद्रच, मग तो भंडाऱ्याहून पाहा की बगदादहून. फरक पडतो तो गावोगावच्या घटकापळांत. आपल्याकडे मध्यरात्र होत आली असते तेव्हा दूर पश्चिमेला दिवेलागण होत असते. हा फरक नेमका मोजता आला, की दोन गावांमधले पूर्वपश्चिम अंतर हाती आले. कारण पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते.

वैनगंगेच्या काठी ग्रहण सुटल्यावर स्नानाला जाण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे स्पर्श केव्हा, मोक्ष केव्हा, हे घरोघर विचारले जाते. या वेळा काढताना जुन्या पंचांगकर्त्याला 'देशांतर संस्कार' करावा लागे. आपल्या ज्योतिषांची मध्यरेखा लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून जाणारी. भंडारा तिच्या पूर्वेस सुमारे चार अंश, म्हणजे चारशे किलोमीटरांवर. तेव्हा उज्जयिनीच्या वेळेत साडेपंधरा मिनिटे, जुन्या हिशेबाने ३९ पळे मिळवावीत, तेव्हा आपल्या गावची वेळ येते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, 'ग्रहलाघव' रचले. त्यावर महाराष्ट्रातली पंचांगे पुढे शतकानुशतके चालली.

सूर्यसिद्धांतात याच्या उलटचा प्रश्न सोडवला आहे. आपले गाव रेषेपासून किती दूर, हे ठाऊक नसेल तर खग्रास चंद्रग्रहण पाहावे. गणिताने आलेल्या वेळेनंतर ते दिसले तर गाव पूर्वेस, आधी दिसले तर पश्चिमेस. आणि त्यासाठी संमीलन व उन्मीलन हे क्षण धरावेत, असे सांगितले आहे. ही सूचना मोठी मार्मिक आहे. पृथ्वीच्या सावलीची कड धूसर असते. स्पर्श नक्की कधी झाला यावर दोन माणसांचे एकमत होणे कठीण. पण उजेडाची शेवटची कोर लोपली किंवा पहिली कोर उमटली, की ते पुष्कळसे निश्चित सांगता येते.

नियम बरोबर आहे, आणि त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. तथापि त्यात एक अडचण आहे. पाहणारा एकटाच, दुसऱ्या टोकाला माणूस नाही, गणित आहे. गणित चुकले तर गाव आपल्या जागेवरून हलते! या अडचणीत कोलंबससारखा दर्यावर्दीही सापडला. २९ फेब्रुवारी १५०४ च्या चंद्रग्रहणाचे भाकीत सांगून त्याने जमैकाच्या रहिवाशांना घाबरवले व अन्नसामग्री मिळवली, ही कथा पुष्कळांच्या वाचनात असेल. त्याच रात्री त्याने जमैका आणि स्पेनमधील कादिझ यांच्या वेळांतले अंतर काढले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्याला ते सव्वासात तास आले. खरे अंतर पावणेपाच तासांच्या आतबाहेर आहे. छापील पंचांगाने माणसे भ्याली, पण नकाशा साधला नाही.

मग दुसऱ्या टोकाला माणूस बसवण्याची युक्ती कोणी केली? इ. स. ९९७ मध्ये ख्वारिझममधल्या काथ गावी तरुण अल् बिरूनी आणि बगदादला अबुल वफा यांनी संगनमताने एकच चंद्रग्रहण पाहिले. वेळांत सुमारे एक तासाचा फरक आला, आणि तो खऱ्याच्या अगदी जवळचा आहे. त्या काळचा विद्वत्तेचा तोरा पाहता, दोन ज्योतिष्यांनी आधी ठरवून एकमेकांवर विसंबावे, हे आम्हांला गणितापेक्षाही मोठे वाटते.

याहून मोठा उद्योग फ्रान्समधल्या पैरेस्क नावाच्या एका न्यायाधिकाऱ्याने केला. त्याने पत्रे लिहून लिहून धर्मोपदेशक, व्यापारी अशा साध्या मंडळींना ग्रहण कसे पाहावे हे शिकवले, आणि २८ ऑगस्ट १६३५ चे चंद्रग्रहण कैरो, अलेप्पोसारख्या दूरदूरच्या गावांहून एकदम पाहवले. टिपणे जुळवली तेव्हा नकाशावरचा भूमध्यसमुद्र खऱ्यापेक्षा सुमारे हजार किलोमीटर लांब काढलेला निघाला. टॉलेमीपासून ही लांबी फुगत आली होती. त्यानेही एका ग्रहणाचाच आधार घेतला होता, पण त्या ऐकीव वेळा होत्या. गलबते मात्र इतकी शतके खऱ्या समुद्रावरूनच जात होती.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भाद्रपद पौर्णिमेला खग्रास ग्रहण झाले. मध्य रात्री ११ वाजून ४१ मिनिटांनी. चंद्र भंडाऱ्याच्या माथ्यापासून थोडा दक्षिणेस. त्याच क्षणी नैरोबीत सव्वानऊ व्हायचे होते, जपानमध्ये पहाटेचे तीन वाजून गेले होते, आणि लंडनकरांना चंद्र उगवला तोच ग्रासलेला. आपल्या देशात मात्र मुंबई, भंडारा, कोलकाता, सर्वत्र ११.४१ च. १९०६ साली सुरू झालेल्या प्रमाण वेळेने गावोगावचा फरक घड्याळातून पुसून टाकला आहे.

तो अजूनही काढता येतो. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. हिवाळा असल्याने आकाश बहुधा निरभ्र असेल. त्या दिवशी दुपारी भंडाऱ्यातल्या एका शाळेने अंगणात काठी रोवून सावली सर्वांत आखूड होईल तो क्षण टिपावा, मुंबईच्या एका शाळेनेही टिपावा. तिथून पुढे संमीलनापर्यंत किती वेळ गेला, ते दोघांनी मोजून एकमेकांना कळवावे. भंडाऱ्याचा आकडा मुंबईपेक्षा सुमारे २७ मिनिटांनी अधिक यायला हवा.